धोका टळला तरी पहारा का उठत नाही?

प्रश्न एका समुपदेशकाचा आहे. समोर आलेली व्यक्ती समलिंगी आहे. तिला कुणी मारलेलं नाही, नोकरीवरून काढलेलं नाही, जवळच्या दोघातिघांना माहीतही आहे. तरी झोप लागत नाही, थकवा जात नाही, छातीत धडधडतं, कशात मन रमत नाही. अशा वेळी ‘सामाजिक कलंकाचा मनावर परिणाम होतो’ म्हणजे नेमकं काय होतं, आणि सत्रात त्यावर काय करायचं?

आधी थेट उत्तर देतो. कलंकाचं बरंचसं नुकसान घडून गेलेल्या प्रसंगांपेक्षा, पुढचा प्रसंग कधीही घडेल म्हणून मनात बसवलेल्या पहाऱ्यामुळे होतं. अपमान वर्षातून दोनदा होत असेल, पण पहारा रोज असतो आणि जाग आल्यापासून झोपेपर्यंत चालतो. ‘तुमच्या बाबतीत काय वाईट घडलं?’ एवढंच विचारलं, तर ‘विशेष काही नाही’ असं उत्तर येतं आणि आपण चुकीच्या दिशेला लागतो. ‘काय घडू नये म्हणून तुम्ही दिवसभर काय काय करता?’ असं विचारलं की खरी माहिती बाहेर यायला लागते.

थोडी पार्श्वभूमी लागेल, कारण जुना गैरसमज अजूनही दवाखान्यांत भेटतो. समलिंगी असणं हाच आजार आहे, असं विसाव्या शतकात बराच काळ मानलं जात होतं. त्याला पहिला मोठा धक्का १९५७ साली एव्हलिन हूकर यांनी दिला. त्यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या. कुणाची चाचणी कुठली हे न सांगता त्या नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवल्या, तेव्हा तज्ज्ञांना दोन गट वेगळे ओळखता आले नाहीत. १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून काढली आणि १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीत हा बदल आणखी उशिरा झाला. संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि ते २०२२ पासून लागू झालं. त्यात लिंगभाव-विसंगती, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग वेगळं असणं, मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे.

पण यादीतून नाव निघालं म्हणून त्रास संपला नाही. २००८ मध्ये २५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. समलिंगी आणि उभयलैंगिक लोकांत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट, आणि नैराश्य व चिंताविकारांचा धोका किमान दीडपट असल्याचं त्यात दिसलं. आजार मुळात नाही, मग हा फरक कुठून आला? इलान मायर यांनी २००३ मध्ये याचं उत्तर नीट मांडलं. त्याला ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ म्हणजे अल्पसंख्य असण्याचा ताण म्हणतात. सगळ्यांच्या वाट्याला येणारे ताण या लोकांनाही असतातच. त्याशिवाय केवळ या ओळखीमुळे वाट्याला येणारा एक जास्तीचा ताण असतो आणि त्याचे थर असतात. प्रत्यक्ष भेदभाव किंवा हिंसा हा पहिला थर. ती होईल या अपेक्षेने सावध राहणं हा दुसरा, आणि लपवणं हा तिसरा. समाज जे म्हणतो तेच स्वतःबद्दल खरं मानणं हा चौथा. पहिला थर बाहेरचा आहे, बाकीचे तीन आतले. म्हणूनच बाहेर शांतता झाली तरी आत काही बदलत नाही, असं बऱ्याचदा दिसतं.

हा ताण समाजाच्या नियमांमधूनही येतो याचा पुरावा आहे. अमेरिकेत २००४ आणि २००५ मध्ये काही राज्यांनी समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या तरतुदी केल्या. मार्क हॅटझेनब्यूलर आणि सहकाऱ्यांनी बंदीच्या आधीची आणि नंतरची आरोग्य-पाहणी ताडून बघितली. बंदी आलेल्या राज्यांत समलिंगी व उभयलैंगिक लोकांमधले भावविकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढले होते. ज्या राज्यांत बंदी आली नाही तिथे अशी वाढ नव्हती. उलट बाजूही तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली तिथल्या शाळकरी किशोरांत आत्महत्येचे प्रयत्न ७ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. ती मुलं काही उद्या लग्न करणार नव्हती. ‘आपल्याला इथे जागा आहे की नाही’ याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

आता पहारा बसतो कसा ते बघू. इतर बहुतेक अल्पसंख्य गटांतल्या मुलाला बाहेर कुणी हिणवलं, तर घरी आल्यावर त्याच गटाचे आईवडील भेटतात. ‘लोक असं बोलतात, आपण असं वागायचं’ हे घर शिकवतं. क्वीअर, म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक, ट्रान्सजेंडर अशा मुलाच्या बाबतीत हे सहसा घडत नाही, कारण घरात त्याच्यासारखं बहुधा कुणी नसतं. बऱ्याच वेळा पहिली टवाळी ते जेवणाच्या टेबलावर, टीव्ही बघताना, आवडत्या माणसाच्या तोंडून ऐकतं. ती त्याला उद्देशून नसते, पण त्याला बरोबर समजतं की यातलं ‘ते’ म्हणजे मी. आकर्षणाची पहिली जाणीव पुष्कळांना वयात येतानाच होते आणि पहिल्यांदा कुणाला सांगेपर्यंत मध्ये अनेक वर्षं जातात. मूल ही वर्षं एकट्याने काढतं. इतिहास घेताना दोन वयं वेगवेगळी विचारा: कळलं कधी आणि सांगितलं कधी. त्यातलं अंतर किती, आणि त्या काळात मूल कशाच्या आधारावर तगलं, हे समजलं की पुढचं बरंच उलगडतं.

काही जण त्या वर्षांत अभ्यासाचा आधार घेतात. पहिला नंबर, शिष्यवृत्ती, बढती. ‘एक गोष्ट कळली तर हे मला टाकतील, म्हणून बाकी सगळ्यात निर्दोष राहायचं’ असा तो हिशोब असतो. असा माणूस बाहेरून यशस्वी दिसतो आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एखादा प्रकल्प फसला, एखादी परीक्षा हुकली की तो पार कोसळतो आणि आजूबाजूच्यांना कळत नाही की एवढ्याशा गोष्टीने काय झालं. त्याची किंमत त्या एकाच खांबावर उभी होती.

लपवण्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण त्याचा खर्च सगळ्यात कमी मोजला जातो. लपवणं म्हणजे एक वाक्य न बोलणं, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वाक्य तोंडातून निघण्याआधी तपासावं लागतं. मराठीत तर क्रियापदालाही लिंग आहे. ‘तो आजारी होता’ म्हणता येत नाही, म्हणून ‘घरी आजारपण होतं’ म्हणायचं. ‘ती म्हणाली’ टाळण्यासाठी ‘घरून असं म्हणणं पडलं’. एखाद्या बाईने ‘आम्ही दोघी गेलो होतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, म्हणून नुसतं ‘आम्ही गेलो होतो’. ट्रान्सजेंडर व्यक्तीला तर स्वतःबद्दलचं साधं वाक्यही अडवतं. ‘मी येतो’ की ‘मी येते’, ‘गेलो’ की ‘गेले’? न ठरवता बोलायचं असेल तर लिंग न दाखवणाऱ्या वाटा शोधायच्या: ‘मी येईन’, ‘मला उशीर झाला’, ‘मी काम संपवलं’, ‘जाणं झालं नाही’. कितीतरी जण वर्षानुवर्षं अशा वाक्यांवर बोलणं निभावतात आणि आपण असं करतो हे त्यांच्याही लक्षात आलेलं नसतं. सत्रात ऐकताना भाषेकडे लक्ष द्या. जोडीदाराचा उल्लेख सतत कर्त्याशिवाय येत असेल, तर पहारा तुमच्या खोलीतही चालू आहे.

फोनचा स्क्रीन पालथा ठेवणं, फोटोतून एक माणूस कापणं, सोमवारी सहकाऱ्यांना सांगायला रविवारची दुसरी हकिगत तयार ठेवणं, कुणाला काय सांगितलंय याची मनात वही ठेवणं, हात-आवाज-चाल यांच्यावर नजर ठेवणं ही त्याच कामाची इतर रूपं आहेत. त्याचे परिणाम तीन बाजूंनी येतात. पहिलं म्हणजे, लक्ष विभागलं जातं. बैठकीतून दमून बाहेर पडणारा माणूस कामाने दमलेला नसतो. दुसरं, जवळीक अडते. लोक प्रेम करतात, पण मनात येतं, ‘यांचं प्रेम मी दाखवलेल्या माणसावर आहे, माझ्यावर नाही’, आणि मिळालेला आधार आत पोहोचतच नाही. तिसरी बाजू उपचाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. लपवल्यामुळे भीती कधी तपासली जात नाही. सांगितलं नाही आणि वाईटही काही झालं नाही, की मन निष्कर्ष काढतं की लपवलं म्हणूनच वाचलो. त्यामुळे पहारा आणखी पक्का होतो. कायदा बदलला, शहर बदललं तरी तो उठत नाही, त्याचं कारण हेच.

शरीर हे सगळं साठवत जातं. झोप उशिरा लागते आणि मध्येच मोडते, खांदे-मान आखडलेली, पोट बिघडलेलं. धोक्याची यंत्रणा सतत अर्धवट चालू असली की असंच होतं. मात्र थकवा दिसला की लगेच त्याचं खापर कलंकावर फोडू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आधी तपासून घ्यायला सांगा. दारूचं प्रमाणही विचारा आणि ‘घेता का?’ याऐवजी ‘कधी आणि कशासाठी घेता?’ असं विचारा. पुष्कळांसाठी दारू म्हणजे रात्रीपुरता पहारा उतरवण्याचा एकमेव मार्ग असतो. ती नुसती बंद करायला लावली आणि पहारा तसाच ठेवला, तर आठवड्याभरात चिंता उसळते आणि दारू परत येते.

चौथा थर, स्वतःबद्दलचा तिरस्कार, ओळखायला अवघड आहे. ‘मला माझ्या लैंगिकतेबद्दल काही वाटत नाही’ असं सांगणाऱ्यातही तो असतो, फक्त वेगळ्या तोंडाने बोलतो: ‘आमच्यातली नाती टिकतच नाहीत’, ‘मी समलिंगी आहे, पण तसल्यांसारखा नाही’, ‘माझ्यामुळे आईचं आयुष्य वाया गेलं’. इथे खंत आणि लाज वेगळ्या करा. खंत एखाद्या कृतीबद्दल असते, तिला भरपाई असते. लाज अख्ख्या असण्याबद्दल असते, तिला भरपाई नसते. म्हणून माणूस एकतर स्वतःला लपवतो किंवा संपवायचा विचार करतो. हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या आवाजात ऐकलं होतं, हे विचारणं इथे फार उपयोगी पडतं. बहुतेकांना माणूस आठवतो, प्रसंग आठवतो. मग तो विचार ‘माझं सत्य’ न राहता ‘मला शिकवलेलं वाक्य’ होतो.

आता सत्रात काय करायचं. पहिल्या दोन भेटींत मोजमाप घ्या. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ म्हणजे मागच्या २ आठवड्यांवर ९ प्रश्न, गुण ० ते २७, १० किंवा जास्त आले तर गंभीरपणे घ्यायचं. चिंतेसाठी जीएडी-७, गुण ० ते २१. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच भेटीत थेट विचारा: विचार येतात का, पद्धत ठरवली आहे का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. विचारल्याने विचार पेरला जातो ही भीती निराधार आहे.

सुरक्षा योजना नेहमीच्याच टप्प्यांनी करायची: धोक्याची चिन्हं, स्वतः करता येण्याजोगं काही, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि साधनं दूर ठेवणं. मात्र एका ठिकाणी ही छापील योजना क्वीअर लोकांच्या बाबतीत हमखास फसते. चौथ्या रकान्यात आपण सवयीने आई, वडील, भाऊ लिहितो. संकटाचं कारण तेच घर असेल, किंवा फोन केला की सगळंच फुटणार असेल, तर त्या रात्री ती योजना कुणी उघडणारच नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा: याला माझ्याबद्दल काय माहीत आहे? ज्याला माहीत नाही अशा माणसाचं नाव ठेवायचं असेल, तर त्याला कारण न सांगता मदत कशी मागायची याचं वाक्य आत्ताच ठरवा. ‘आज एकट्याने राहायला नको वाटतंय, येऊ का?’ एवढं पुरतं.

त्यानंतर पहाऱ्याची नोंद. एका आठवड्यासाठी रोज संध्याकाळी तीन ओळी: आज कुठे शब्द बदलला, कुणासमोर, आणि त्यानंतर शरीरात काय जाणवलं. उपाय सुचवू नका, नुसतं मोजू द्या. ‘मी दिवसातून एवढ्या वेळा हे करतो?’ असं आश्चर्य पुष्कळांना वाटतं. थकव्याला कारण सापडलं की ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ ही समजूत तिथूनच सैल व्हायला लागते. घरात वही सापडण्याची भीती असेल तर ती घरी लिहायला सांगू नका. सत्राआधी १५ मिनिटं बाहेर बसून लिहिली तरी चालते.

नोंदीवरून पुढे जाताना नव्या समुपदेशकांकडून एक चूक होते. भीती दिसली की ती ‘विचारांची चूक’ ठरवून खोडून काढायची, ही आपली सवय. इथे भीती बऱ्याचदा खरी असते. ज्याच्या मित्राला घराबाहेर काढलं गेलं, त्याला ‘तुम्ही टोकाचा विचार करताय’ म्हटलं तर तो पुढच्या वेळी येत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. प्रत्येक जागेचं आणि माणसाचं दोन अंगांनी मोजमाप करा: धोका किती शक्य आहे, आणि घडलंच तर किंमत किती. ज्याच्यावर घरभाडं आणि फी अवलंबून आहे असा पालक आणि दुसऱ्या विभागातला सहकारी हे एका पारड्यात बसत नाहीत. जिथे शक्यता आणि किंमत दोन्ही कमी, आणि तरीही पहारा पूर्ण ताकदीने चालू आहे, तिथेच तो सैल करायचा प्रयोग करायचा. जिथे किंमत मोठी आहे तिथे पहारा हे शहाणपण आहे. तसं स्पष्ट म्हणा, त्याने माणसाला फार बळ येतं.

ही पद्धत हवेतली नाही. जॉन पॅचँकिस आणि सहकाऱ्यांनी कलंकाचा ताण डोळ्यांसमोर ठेवून विचार-वर्तन उपचाराचं १० सत्रांचं रूप तयार केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तरुण समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांमध्ये नैराश्य आणि दारूचं प्रमाण त्याने कमी झालं. त्यातले धागे साधे आहेत: ताणाचं मूळ बाहेर आहे हे समजणं, टाळाटाळ हळूहळू कमी करणं, स्पष्ट बोलायचा सराव, आणि आधार देणारी नाती जोडणं. लिहिण्याचाही उपयोग होतो. सलग ३ दिवस, रोज २० मिनिटं, या ओळखीशी जोडलेल्या सगळ्यात अवघड प्रसंगाबद्दल न थांबता लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, वाचून दाखवायचं नाही, नंतर फाडलं तरी हरकत नाही. पहिल्या दिवशी मन जड होतं हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक तिथेच थांबतात. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तेव्हा हा सराव देऊ नका.

‘मग सांगून टाकू का घरी?’ हा प्रश्न कधी ना कधी येतोच. तुमच्या उत्साहाने त्याचं उत्तर ठरता कामा नये. उघड होणं हे उपचाराचं उद्दिष्ट नाही. निवड हातात असणं हे उद्दिष्ट आहे. सांगायचं ठरलंच तर तयारी करून घ्या. सुरुवात सगळ्यात महत्त्वाच्या माणसापासून नको. जो ऐकून घेईल आणि ज्याने नाकारलं तरी आयुष्य हलणार नाही, असा माणूस आधी. त्याचा कल दुसऱ्याच कुणाच्या बातमीवरून चाचपता येतो. घरी सांगण्याआधी चार गोष्टी जागेवर हव्यात: ओळखपत्रं आणि प्रमाणपत्रं स्वतःच्या ताब्यात, दोनेक महिन्यांच्या खर्चाची सोय, गरज पडली तर त्या रात्री झोपायला जागा, आणि नंतर तासाभरात फोन करेल असं कुणीतरी. भांडणात, समारंभात किंवा दारू प्यायल्यावर सांगू नये. बोलणं लहान ठेवावं, दोन-तीन वाक्यं: काय आहे, कधीपासून माहीत आहे, आणि आत्ता तुमच्याकडून काय हवंय. ‘आत्ता उत्तर नको, फक्त ऐका’ हेही मागणंच आहे. पालकांची पहिली प्रतिक्रिया शेवटची नसते. मुलाला जे पचवायला दहा वर्षं लागली ते आईला दहा मिनिटांत पचेल अशी अपेक्षा दोघांनाही दुखावते.

पालक सत्राला आले तर त्यांच्याशी मतांवर वाद घालू नका. वागणुकीबद्दल बोला. केटलिन रायन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयात घरून जास्त नकार मिळालेल्या तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, नकार अगदी कमी मिळालेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होतं आणि तीव्र नैराश्याचं ५.९ पट. त्यांनी ‘नकार’ मोजला तो लहानसहान कृतींतून: मित्रांना घरी येऊ न देणं, विषय निघाला की उठून जाणं, ‘नातेवाइकांसमोर नीट वाग’ म्हणणं, बाहेर त्रास झाला तर ‘तुझ्याच वागण्यामुळे’ म्हणणं. यातलं बरंचसं पालक काळजीपोटी करतात आणि त्याने इजा होते हे त्यांना खरोखर माहीत नसतं. पालकांना धारणा बदलायला सांगितलं तर ते दार लावून घेतात. ‘या आठवड्यात यातली एक गोष्ट थांबवा’ म्हटलं तर बहुतेक जण प्रयत्न करतात.

ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी नाव आणि संबोधन हा शिष्टाचाराच्या पलीकडचा विषय आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२९ तरुणांना, निवडलेलं नाव घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत वापरता येतं का, असं विचारलं होतं. अशी एकेक जागा वाढत गेली तसे आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष कृती ५६ टक्क्यांनी कमी दिसल्या. हा कार्यकारणाचा पुरावा नाही, पण इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. तुमच्या तोंडून ‘आलीस’ऐवजी ‘आलास’ निघून गेलं तर लांबलचक माफी मागू नका. दुरुस्त करा आणि पुढे बोला, नाहीतर समोरच्यालाच तुम्हाला सावरत बसावं लागतं. मनोविकारतज्ज्ञांसाठी एक बारकावा: इस्ट्रोजेन हे हार्मोन चालू असेल तर लॅमोट्रिजिन या भावना स्थिर ठेवणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी घसरू शकते. भावनांचे चढउतार अचानक परतले तर आधी हे बघा. आणि ‘मन स्थिर होईपर्यंत हार्मोन्स थांबवा’ असा सल्ला सहज देऊ नका. अचानक थांबवल्याने मन बिघडल्याचीच उदाहरणं जास्त भेटतात.

उभयलैंगिक व्यक्तींकडे आपलं लक्ष कमी जातं. त्यांच्यावर दोन्हीकडून अविश्वास असतो. भिन्नलिंगी लोक म्हणतात ‘ठरव एकदाचं’, समलिंगी वर्तुळात म्हणतात ‘परत जाशील’. त्यात जोडीदार बघून लोक त्यांची ओळखच बदलून टाकतात. चिंता आणि नैराश्याचं प्रमाण त्यांच्यात समलिंगी लोकांपेक्षाही जास्त असल्याचं पुष्कळ अभ्यासांत दिसतं. अलैंगिक, म्हणजे लैंगिक आकर्षण न वाटणाऱ्या किंवा फारच कमी वाटणाऱ्या व्यक्तींना तर ‘योग्य माणूस भेटला नाही अजून’ हेच वाक्य दवाखान्यातही ऐकायला मिळतं.

निदानातली एक गल्लत टाळा. ‘मी समलिंगी असेन तर?’ हा विचार माणसाला नकोसा वाटत असूनही सतत येतो, माणूस स्वतःच्या शरीराची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा तपासतो, इंटरनेटवर चाचण्या देतो, तुमच्याकडून दर भेटीत खात्री मागतो. असं असेल तर ते ओसीडी म्हणजे मंत्रचळाचा आजार असू शकतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे. ओळख लपवणाऱ्या माणसाच्या मनात ओढ असते आणि तिच्या परिणामांची भीती असते. ओसीडीत ओढ शोधूनही सापडत नाही, पण शंका थांबत नाही. खात्री देत राहिलात तर ओसीडी वाढते. हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं, म्हणून घाईने शिक्का मारू नका.

नात्यांतलं दुःख विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. सात वर्षांचं नातं तुटलं किंवा जोडीदार गेला, आणि ऑफिसात रजा मागायला कारण नाही, भेटायला येणारं कुणी नाही, अंत्यविधीला ‘मित्र’ म्हणून मागे उभं राहावं लागलं. अशा दुःखाला कुणी साक्षीदार नसतो म्हणून ते साचतं आणि पुढे नैराश्याच्या नावाने तुमच्याकडे येतं. त्या माणसाचं नाव विचारा, फोटो असेल तर बघा.

लैंगिकता किंवा लिंगभाव ‘बदलून देणाऱ्या’ उपचारांबद्दल कुटुंबीय विचारतील, तेव्हा उत्तर गुळमुळीत नको. त्यांनी ओढ बदलत नाही. नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न मात्र वाढलेले दिसतात. ते आपण करायचे नाहीत आणि दुसऱ्याकडे पाठवायचेही नाहीत. ज्या व्यक्तीला आधी अशा उपचारांतून जावं लागलं आहे, तिच्यासाठी तुमची खुर्ची, तुमचं वही काढणं, दार लावणं हेही धोक्याचं चिन्ह असतं. पहिल्याच भेटीत सांगा की इथे तुम्हाला बदलायचं काम होणार नाही.

साधारण आठव्या सत्राला पुन्हा मोजा. गुण हललेच नसतील तर तीन गोष्टी तपासा. धोका अजून खरा आणि रोजचा आहे का? तसं असेल तर बोलण्याच्या उपचारापेक्षा आधी राहण्याची आणि पैशाची सोय. नैराश्य औषधाच्या टप्प्याला पोहोचलंय का? औषध सुरू करताना लैंगिक दुष्परिणाम आधीच समजावून सांगा, नाहीतर माणूस गुपचूप गोळ्या सोडतो. आणि तिसरं, तुम्ही प्रत्येक तक्रार लैंगिकतेशी जोडताय का? क्वीअर माणसालाही साधा वाईट बॉस असतो.

हे सगळं सुरू होण्याआधी मात्र तुमचा फॉर्म वाचला जातो. वैवाहिक स्थितीत दोनच चौकटी, लिंगात दोनच चौकटी, ‘पतीचे/पत्नीचे नाव’ अशी छापील ओळ, एवढ्यावर पहारा पक्का होतो. त्या जागी रिकामी ओळ ठेवा आणि दोन प्रश्न जोडा: तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू, आणि फोन किंवा मेसेज करायचा झाला तर कोणत्या नावाने व कोणत्या नंबरवर करू? ही दोन्ही उत्तरं वेगळी असू शकतात. स्वागतकक्षातल्या माणसाला ती बघायची सवय लावा. भेटीची आठवण करून देणारा एक चुकीचा मेसेज घरच्यांनी वाचला, तर ती व्यक्ती परत येणार नाही आणि का आली नाही हे तुम्हाला कधी कळणारही नाही.